शेळीमागे शेळी

फार मागची गोष्ट आहे. त्या काळी डोंगरात रस्ते नव्हते, पाऊलवाटा होत्या. राजा होता, पण तो दूर होता, आणि त्याचा हुकूम डोंगर चढून वर येईपर्यंत दमून जायचा. अशा डोंगरांच्या कुशीत एक खोरं होतं. खोऱ्यात ज्वारी पिकायची, ओढ्याकाठी हरभरा यायचा, आणि संध्याकाळी गुरांच्या गळ्यातल्या घंटा लांबून ऐकू आल्या की बायका भाकरी थापायला बसायच्या. ते खोरं नेमकं कुठे, असं लहानांनी विचारलं तर मला सांगता येणार नाही. मोठ्यांनी विचारलं तर म्हणेन, प्रत्येकाच्या लहानपणी असतं तसंच ते होतं.

त्या खोऱ्यात दोन मुलं एकत्र वाढली. एक सुभाना, गावच्या पाटलाचा मुलगा. दुसरा खेमा. खेमाला आई-बाप नव्हते, चुलत्याच्या घरी तो लहानाचा मोठा झाला. सुभाना शांत आणि विचारी. खेमाचं मात्र काही सांगता यायचं नाही. शाळू राखायला पाठवला तर तो ओढ्यात खेकडे धरत बसायचा, आणि कुणी काही सांगितलं नसताना एखाद्या म्हातारीचं लाकूडफाट्याचं ओझं डोक्यावर घेऊन घरपोच करायचा.

गावाच्या वर, माळावर, म्हाळूबाबा नावाचा धनगर मेंढ्या चारायचा. माळावरच्या एका सपाट कातळावर त्याने वाघ-शेळीचा पट कोरला होता. खेळ तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर सांगतो. वाघ थोडे, शेळ्या पुष्कळ. शेळीच्या पलीकडची जागा मोकळी असेल, तर वाघ तिच्यावरून उडी मारतो आणि ती शेळी मरते. शेळ्यांनी वाघांना सगळीकडून कोंडलं, हलायला जागा ठेवली नाही, की शेळ्या जिंकतात. वाघ म्हणून खडे घ्यायचे, शेळ्या म्हणून चिंचोके.

म्हाळूबाबाने दोघांना खेळ शिकवला, आणि मग त्या कातळावर दोघांच्या किती दुपारी गेल्या याला मोजदाद नाही. करवंदांच्या दिवसांत बोटं जांभळी व्हायची आणि खडेही जांभळे व्हायचे. हुरड्याच्या दिवसांत म्हाळूबाबा शेकोटीत कणसं भाजून द्यायचा आणि गरम दाणे फुंकत फुंकत दोघं खेळायचे. पुढे सुभाना म्हातारा झाल्यावरही भाजलेल्या कणसाचा वास आला की बोलता बोलता थांबायचा.

खेमा नेहमी वाघ घ्यायचा, सुभाना शेळ्या. आणि सुभाना नेहमी हरायचा.

तो हरायचा तो विचार कमी केला म्हणून नव्हे. तो फार विचार करायचा. मागच्या डावात खेमा डावीकडून आला होता, म्हणजे या वेळी उजवीकडून येणार. पण हे आपल्याला कळलंय हे त्यालाही कळलं असणार, म्हणजे तो पुन्हा डावीकडूनच येणार. असं करत करत तो डावीकडे शेळ्यांची भिंत उभी करायचा. तेवढ्यात खेमा आभाळातल्या घारीकडे बघत, शीळ घालत, मधूनच कुठून तरी उडी मारायचा. कधी हाताशी आलेली शेळी सोडून द्यायचा, कधी काहीच मिळणार नाही अशा कोपऱ्यात जाऊन बसायचा. सुभाना गोंधळायचा. इकडची शेळी तिकडे न्यायचा, तिकडची इकडे, आणि त्या ओढाताणीत एकेक करून शेळ्या जायच्या.

एकदा न राहवून त्याने विचारलं, "खेमा, खरं सांग. पुढची चाल तू कशी ठरवतोस?"

"ठरवतंय कोण," खेमा म्हणाला. "हात पटाकडे जातो, मग कळतं."

"असं कसं होईल?"

"मलाच आधी ठाऊक नसतं गड्या, तर तुला कसं कळणार?"

हे ऐकून म्हाळूबाबा खोकला लागेपर्यंत हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "दोघांनाही खेळ यायचाय अजून."

याचा अर्थ काय, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. उन्हं उतरली होती, आणि दोघांना पोहायला जायचं होतं.

दोघं मिसरूड फुटलेले तरुण झाले तेव्हा ती वाईट गोष्ट घडली. खेमाच्या बापाची ओढ्याकाठची जमीन चुलत्याने गिळली. "पोराला इतकी वर्षं पोसलं, त्यात जमीन फिटली," असं तो म्हणू लागला. चावडीवर पंच बसले. सुभानाचा बाप पाटील. त्याचं आणि चुलत्याचं जुनं सख्य होतं. सगळं खोरं जाणत होतं की जमीन खेमाची आहे. खेमाने गर्दीत मागे उभ्या असलेल्या सुभानाकडे पाहिलं. सुभानाने बोलायला तोंड उघडलं, बापाकडे पाहिलं आणि खाली बघू लागला.

जमीन चुलत्याकडे गेली. त्याच दिवशी खेमा घाटाची वाट चढून निघून गेला. म्हाळूबाबा त्याला माळाच्या टोकापर्यंत पोचवायला गेला होता, असं पुढे लोक सांगायचे.

वर्षं गेली. सुभानाचा बाप वारला, खेमाचा चुलताही वारला. सुभाना पाटील झाला. त्याचं लग्न झालं. बायकोचं नाव आनसा. ती पलीकडच्या डोंगरातली, शेळ्या राखणाऱ्यांच्या घरची. बोलायला कमी, पण बोलली की तिचं बोलणं लक्षात राहायचं.

आणि मग एका वर्षी घाटात लुटारूंची टोळी आली. टोळीच्या म्होरक्याचं नाव कानावर आलं तेव्हा सुभाना जेवत होता. त्याच्या हातातला घास हातातच राहिला. म्होरक्या खेमा होता.

पहिल्यांदा टोळी उत्तरेच्या खिंडीतून आली आणि वरच्या वाडीतली ज्वारी घेऊन गेली. सुभानाने उत्तरेच्या खिंडीत माणसं बसवली. पुढच्या वेळी टोळी नदीकडून आली आणि गुरं हाकून नेली. सुभानाने माणसं नदीवर हलवली. मग बरेच दिवस कुणीच आलं नाही. लोक जागून जागून थकले, पहारा सैल झाला, आणि जत्रेच्या दिवशी भर दुपारी, ढोल वाजत असताना, टोळी चक्क यात्रेकरूंसारखी चालत गावात आली.

सुभाना पुन्हा त्या लहानपणीच्या कातळावर बसल्यासारखा झाला. खेमा आता काय करील? तो मागे कुठून आला होता? त्याला आपली किती माहिती आहे? तो दिवसभर वाटसरूंना विचारायचा, माग काढायला माणसं पाठवायचा, आणि पहारा इथून तिथे, तिथून इथे हलवायचा. शेतात तण माजलं, कारण खुरपायचे हात खिंडीत बसले होते. माणसं एकमेकांकडे संशयाने बघू लागली. खेमाला आतली बातमी कोण देतं? शेजारी शेजाऱ्याला पाण्याचा तांब्याही विचारेनासा झाला. खरं तर बातमी कुणीच देत नव्हतं.

राखायला सोपं म्हणून सुभानाने सगळ्या गावाचं धान्य चावडीशेजारच्या एका मोठ्या कोठारात आणून ठेवलं. एका जागी असलं म्हणजे एका जागी लक्ष, असा त्याचा हिशेब.

एके दिवशी मिठाच्या गोण्या घेऊन आलेल्या वंजाऱ्याने सांगितलं, "टोळी उत्तरेच्या खिंडीकडे निघालेली मी डोळ्यांनी पाहिली."

वंजारी खोटं बोलला नव्हता. टोळी खरंच तिकडे निघाली होती. सुभाना गावातले सगळे धडधाकट पुरुष घेऊन खिंडीत गेला. ते दगडांआड दबा धरून बसले. दुपार झाली, कलली. कुणी आलं नाही. अर्ध्या वाटेवर खेमाला काय वाटलं कुणास ठाऊक, तो वळला होता. पूर्वेच्या कड्यावरून, जिथून फक्त शेरडं उतरतात अशा वाटेने, टोळी गावात उतरली होती.

खिंडीतल्या माणसांना गावावर धूर दिसला.

कोठार फोडताना झटापटीत कुणाची तरी पेटती चूल लाथाडली गेली होती. कोठाराने पेट घेतला, मग शेजारचा गोठा. म्हाळूबाबा आता फार म्हातारा झाला होता, काठीशिवाय चालायचा नाही. तो माळावरून खाली आला आणि कुणी अडवायच्या आत गोठ्यात शिरून वासरांची दावी सोडू लागला. शेवटचं वासरू बाहेर पडलं आणि छपराचं आढं कोसळलं.

सुभाना पोचला तेव्हा म्हाळूबाबाला बाहेर काढून चिंचेखाली ठेवलं होतं. आनसा त्याच्या तोंडात पाणी घालत होती. त्याची लेक सोनाई पायाशी बसली होती.

"वासरं?" म्हाळूबाबाने विचारलं.

"सगळी बाहेर आहेत बाबा," सोनाई म्हणाली.

म्हाताऱ्याने मान हलवली. दिवस मावळायच्या आत तो गेला.

त्यानंतर सुभाना कुणाशी बोलेना. अंगणात बसून तो कोळशाने जमिनीवर रेघा काढायचा; खोऱ्यातल्या वाटा, खिंडी, नदी. मग पुसायचा आणि पुन्हा काढायचा. एका सकाळी आनसा त्याच्यासमोर येऊन बसली. तिने त्या रेघा पदराच्या टोकाने पुसल्या, कोळसा हातात घेतला आणि वाघ-शेळीचा पट काढला.

"हे कशाला?" सुभानाने विचारलं.

"खेळू या."

"आनसा, ही खेळायची वेळ आहे का?"

"वाघ तुम्ही घ्या. आणि तुमच्यासारखं नका खेळू, खेमासारखं खेळा. मनात येईल तिथे उडी मारा."

सुभानाने नाइलाजाने खडे घेतले. पहिल्यांदा त्याने चिडूनच चाल केली, मग दुसरी, मग कुठेही. आनसा सावकाश एकेक चिंचोका मांडत गेली. ती घाई करत नव्हती. एक शेळी गेली, तिने तिकडे पाहिलंही नाही. थोड्या वेळाने सुभानाच्या लक्षात आलं की त्याला उडी मारायला जागाच सापडत नाही. प्रत्येक शेळीच्या पाठीशी दुसरी शेळी होती.

"तू माझ्या हाताकडे बघत का नाहीस?" त्याने विचारलं.

"तुमच्या हातालाच ठाऊक नाही तो कुठे जाणार ते. मी बघून काय करू? मी माझ्या शेळ्या बघते. जिच्या मागची जागा मोकळी दिसली, तिच्या मागे दुसरी बसवते."

आणखी काही चालींनंतर वाघ कोंडले गेले. सुभाना पटाकडे बघत राहिला. इतकी वर्षं तो या खेळात वाघाकडे बघत आला होता.

"आमच्या डोंगरात बिबट्या होता," आनसा म्हणाली. "कधी यायचा, कुठून यायचा, कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या बापाने कधी त्याचा विचार केला नाही. दिवस कलला की काट्यांचं कुंपण घालून शेळ्यांचं वाडगं बंद करायचं. बिबट्या आला तरी बंद, नाही आला तरी बंद. आणि मग आम्ही झोपायचो."

"आणि तरी एखादी शेळी नेलीच तर?"

"नेली कधी कधी. एक शेळी गेली म्हणून कळप जात नाही. पण तिच्यापायी सगळे बिबट्याच्या मागे रानात धावलो असतो, तर मागे कळप कुणी राखला असता?"

सुभानाने पटावरचा एक खडा उचलला. मग म्हणाला, "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारत होतात खेमा कुठून येईल. ते मला ठाऊक नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सुभानाने गाव चावडीवर बोलावलं. बायकांनाही बोलावलं, जे आधी कधी झालं नव्हतं.

"खेमा कुठून येणार हे मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "कधीच ठाऊक नव्हतं. ठाऊक असल्यासारखा वागलो, म्हणून म्हाळूबाबा गेले."

एकाने विचारलं, "मग पाटील, पहारा कुठे ठेवायचा?"

"सगळीकडे थोडा. एकाच जागी सगळे नाहीत. पाळीपाळीने, म्हणजे बाकीच्यांना शेत करता येईल आणि झोपता येईल."

"आणि धान्य?"

"एका कोठारात नाही. ज्याने त्याने आपल्या अंगणात पेव खणायचं, जमिनीखाली. गुरं लहान लहान वाडग्यांत, काट्याच्या कुंपणात. शिंग वाजलं की ज्याने त्याने आपली नेमलेली जागा धरायची. आणि दोन घरांनी मिळून एकमेकांची पाठ राखायची. कुणी कुणाला एकटं सोडायचं नाही."

"म्हणजे जोडीला जो येईल त्याच्यावर विश्वास ठेवायचा?" मागून कुणी तरी विचारलं. गेल्या दिवसांतला संशय अजून हवेत होता.

"ठेवावा लागेल," सुभाना म्हणाला. "खेमाला बातमी देणारं आपल्यात कुणी नाही. असतं तर तो इतका वेड्यासारखा फिरला नसता."

"आणि ते पळाले की मागे लागायचं ना?" एका तरण्याने विचारलं.

"नाही. जाऊ द्यायचं. मागे लागलं की आपली जागा मोकळी पडते."

तरण्याला ते पटलं नाही. लोक उठू लागले तेव्हा सुभाना म्हणाला, "अजून एक भोक बुजवायचं आहे. ते सगळ्यात जुनं आहे." त्याने खेमाच्या चुलतभावांना पुढे बोलावलं. ओढ्याकाठच्या जमिनीच्या बदल्यात त्याने स्वतःच्या शेताचा तुकडा त्यांना दिला, आणि ओढ्याकाठची जमीन खेमाच्या नावाने मोकळी ठेवली. "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं," एवढंच तो म्हणाला. काहींना राग आला. लुटारूला जमीन कशाला? पण सोनाईने मान डोलावली, आणि ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराने मान डोलावल्यावर बाकीच्यांना बोलायला जागा राहिली नाही.

टोळी पुन्हा आली ती एका प्रसन्न सकाळी. शिंग वाजलं. मागच्या वेळेसारखी धावाधाव झाली नाही. माणसं आपापल्या जागी उभी राहिली, जोडीजोडीने. लुटारूंना कोठार सापडेना. वाडग्यांत शिरू गेले तर काट्यांनी पोटऱ्या फाटल्या, आणि एकाकडे वळावं तर दुसऱ्याची काठी पाठीत बसायची. एका घरातून त्यांनी ज्वारीचं एक पोतं नेलं. त्या घरच्या बाईने शिव्या दिल्या, पण ती जागची हलली नाही.

खेमा तट्टावर बसून हे बघत होता. त्याने आपली माणसं पळताहेत असं दाखवलं. कुणी मागे आलं नाही. एक म्हैस सोडून गल्लीतून हाकलली. लोकांनी तिला वाट करून दिली आणि पुन्हा जागा धरली. मग त्याला चावडीच्या जोत्यावर सुभाना दिसला. इतक्या वर्षांनी दोघं एकमेकांना बघत होते. खेमाच्या दाढीत पांढरे केस आले होते. सुभानाच्या मनात आलं, खाली उतरावं आणि त्याला मिठी मारावी, किंवा त्याच्या टाळक्यात काठी घालावी. यातलं काय, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पण तो जागचा हलला नाही.

"सुभान्या, ये की खाली," खेमा ओरडला.

"इथे बरा आहे."

"ओळख बघू, इथून आता मी कुठे जाणार?"

"नाही ओळखता येत."

"मग हरलास."

"असेन."

खेमा हसला. अगदी लहानपणी हसायचा तसा. मग तट्टू वळवता वळवता सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "म्हाळूबाबा बरा आहे ना? माळावर मेंढरं दिसली, तो नाही दिसला."



"म्हाळूबाबा गेले, खेमा. मागच्या वेळी तुम्ही आग लावून गेलात तेव्हा. वासरं सोडवत होते."

खेमाच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच विसरल्यासारखं थोडा वेळ राहिलं. तट्टू पुढे चालायला लागलं, आणि त्याने त्याला थांबवलंही नाही, हाकलंही नाही. लगाम ढिला होता. टोळी त्याच्या मागे गेली.

सुभानाच्या शेजारी उभा असलेला तरणा म्हणाला, "पाटील, आता त्याच्या अंगात त्राण नाही. आता मागे लागलो तर सापडेल."

"नाही," सुभाना म्हणाला.

टोळी एक-दोनदा आली, पण खेमा तिच्यात नव्हता. हाती काही लागेना, आणि रिकाम्या पोटी कुणी कुणाच्या मागे राहत नाही. ज्याला जिथे वाट फुटली तिथे तो गेला. खोऱ्यातलं तण निघालं, ज्वारी पुरुषभर उंच झाली. लोक पुन्हा एकमेकांच्या ओट्यावर बसू लागले.

पीक काढणीला आलं असताना, एका दुपारी, खेमा एकटा चालत गावात आला. तट्टू नाही, हत्यार नाही. त्याच्या पायात वहाणही नव्हती. तो चावडीपुढे येऊन मातीत बसला आणि कुणी काही विचारलं तरी बोलेना.

गाव जमलं. कुणी म्हणालं मारा, कुणी म्हणालं बांधून राजाकडे पाठवा. सुभाना सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाला, "सोनाईला विचारा. बाप तिचा गेला."

सोनाई पुढे आली. तिने खेमाकडे बराच वेळ पाहिलं. लहानपणी तिने त्याला आपल्या हाताने भाकरी दिलेली होती.

"माझा बाप काही परत येत नाही," ती म्हणाली. "पण त्याची मेंढरं माळावर आहेत आणि माझे गुडघे दुखतात. याने ती चारावीत."

"सोनाई, हा उद्या मेंढरं घेऊन पळाला तर?" एकाने विचारलं.

तिने सुभानाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"पळेल कदाचित," सुभाना म्हणाला. "कदाचित जन्मभर राहील. त्याचं मन मला ओळखता येत नाही, त्यालाही येत नाही. पण पहारा आहे तसाच चालू राहील. पेवं आहेत, जोड्या आहेत. तो चांगला निघाला तरच आपण वाचू, असं काही उरलेलं नाही. म्हणून तर त्याला राहू देता येतं. भीती असती तर मारावंच लागलं असतं."

लोकांनी त्यावर विचार केला. ज्या घरातून पोतं गेलं होतं ती बाई म्हणाली, "आधी माझी ज्वारी फेड म्हणावं." काही जण हसले, आणि त्या हसण्याबरोबर मारण्याची गोष्ट मागे पडली.

खेमाने पहिल्यांदा मान वर केली. "सुभाना," तो म्हणाला, "ओढ्याकाठच्या जमिनीचं मला घाटात कळलं होतं. बरेच दिवस झाले."

"मग आधी का आला नाहीस?"

"ठाऊक नाही," खेमा म्हणाला. "आज उठलो आणि पाय इकडे वळले."

खेमा राहिला. तो म्हाळूबाबाची मेंढरं चारायचा आणि ओढ्याकाठी हरभरा पेरायचा. स्वभाव काही बदलला नाही. मधूनच तो नाहीसा व्हायचा, आणि गाव "गेला, गेला" म्हणेपर्यंत मधाचं पोळं घेऊन परत यायचा. एकदा मात्र भर पावसात ओढ्याला पूर आला असताना कुणाचीही वाट न बघता त्याने उडी घेतली आणि वाहून चाललेली गाय काठाला लावली. ती त्याच बाईची होती, जिची ज्वारी गेली होती. ती पुढे त्याला दर सणाला पुरणपोळी पाठवू लागली.

संध्याकाळी कधी तरी सुभाना माळावर जायचा. दोघं म्हातारे शेजारी बसायचे. लहानपणी ओढ्यात कोण आधी पोहायला शिकलं, करवंदीच्या जाळीत कोण अडकलं होतं, म्हाळूबाबा कणसं भाजताना कुठलं गाणं गुणगुणायचा, असल्या गोष्टी निघायच्या. गाणं दोघांनाही अर्धंच आठवायचं, आणि दोघांना वेगवेगळं अर्धं आठवायचं. त्या जुन्या दिवसांत आपण किती सुखी होतो, हे त्या दिवसांत कळलं नव्हतं. आता कळायचं, आणि त्यात दुःखही असायचं आणि गोडीही.

मग एका वर्षी, सुगी आटोपल्यावर, खेमा गेला. मेंढरं सगळी जागच्या जागी होती, एकही कमी नव्हतं. हरभऱ्याची रास त्याने सोनाईच्या ओट्यावर आणून ठेवली होती. लोक मधाच्या पोळ्याची वाट बघत राहिले. पण तो परत आला नाही. त्या वर्षी नाही आणि त्यानंतरही नाही.

गाव थोडं हळहळलं आणि कामाला लागलं. कुणाचं काही बिघडलं नाही. कुणी तरी सुभानाला म्हणालं, "पाटील, शेवटी त्याने फसवलंच."

"फसवलं कसलं," सुभाना म्हणाला. "राहिला तितके दिवस आपला होता."

सुभाना आता फार थकला होता. दुपारी आनसा त्याला ओसरीवर बसवून द्यायची. तिथून घाटाची वाट दिसायची. तो त्या वाटेकडे बघत मनाशी ओळखत बसायचा, की खेमा आता कुठे असेल. समुद्राकाठी गेला असेल, की कुठल्या परक्या गावात पोरांना जमवून खेळत बसला असेल, की या क्षणी वळून इकडेच यायला निघाला असेल. त्याला एकदाही ओळखता आलं नाही. पण आता त्यात भीती नव्हती, म्हणून त्याचा दिवस त्यात बरा जायचा.

लहानांनो आणि मोठ्यांनो, या गोष्टीचं सार एवढंच: ज्याची चाल ओळखता येत नाही, त्याच्या मागे न धावता आपल्या मागची जागा राखावी. ती राखली, तर वैऱ्यालाही माणूस म्हणून घरात घेता येतं.